मार्बलच्या ओट्याचा सांधा पुन्हा पुन्हा उघडतोय? रेझिन भरण्याआधी सांध्याची जागा तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमानं पुढे सरकते. ओटा बसवला तेव्हा सांध्यावरून बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. काही महिन्यांनी केसाएवढी रेघ दिसायला लागली. कारागिरानं रेझिन (फटीत भरलं की घट्ट होऊन दगड जोडणारं द्रव्य) भरून, घासून, पॉलिश करून दिलं. मग रेघ परत आली, आणि या वेळी कडेचे टवके उडालेले, फटीत काळपट मळ बसलेला. पुन्हा रेझिन भरलं, पुन्हा तेच झालं.

एकदा उघडलेला सांधा रेझिनमुळे उघडला असू शकतो. दुसऱ्यांदा उघडला, तर दोष बहुधा रेझिनचा नसतो. सांध्याच्या दोन बाजूंचे दगड वेगवेगळे हलत असतात, आणि ते हलतात कारण सांधा अशा जागी पडलेला आहे जिथे खाली आधार नाही, शेजारी मोठं कटआउट (सिंक किंवा शेगडीसाठी दगडात कापलेली मोकळी जागा) आहे किंवा उष्णता-पाणी यांचा रोजचा मारा आहे. या हालचालीपुढे कितीही चांगलं रेझिन भरलं तरी ते एकतर सुटतं किंवा शेजारचा दगड फोडतं. म्हणून खालचा सगळा भर जागेवर आहे. रेझिनचं काम शेवटी येतं.

दगड आधी समजून घ्या

मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मोह्सच्या प्रमाणावर त्याचा कठीणपणा ३ च्या आसपास, तर ग्रॅनाइटचा ६ ते ७. त्यामुळे ग्रॅनाइटच्या ओट्यावर खपून गेलेली सांध्याची जागा मार्बलवर खपेलच असं नाही. वजनाचा हिशेब साधा आहे: २० मिमी जाडीच्या मार्बलचं वजन दर चौरस मीटरला साधारण ५४ किलो, ३० मिमीचं ८१ किलो. २.७ मीटर लांब, ६२० मिमी रुंद आणि २० मिमी जाड तुकडा सुमारे ९० किलोचा होतो, तोच ३० मिमीत १३५ किलोच्या वर जातो. सांधा कुठे घ्यायचा हे ठरवताना हा आकडा समोर हवाच. तुकडा जिन्यातून वळेल का, लिफ्टमध्ये उभा मावेल का, किती जण उचलणार, हे न बघता कागदावर 'एकच सांधा' ठरवला, तर तो लांब तुकडा जिन्याच्या वळणावर तडकतो आणि मग नको त्या जागी दुसरा सांधा पदरी पडतो.

गरम झाल्यावर कॅल्साइटचे स्फटिक एका दिशेनं प्रसरण पावतात आणि तिच्या काटकोनात किंचित आकसतात. त्यामुळे सतत तापणाऱ्या जागी मार्बलचे कण एकमेकांपासून हळूहळू सैल होतात. हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) अगदी कडेला सांधा न घेण्याचं हे एक कारण. दुसरं कारण रेझिनचं आहे: घरच्या तापमानात घट्ट होणारे बरेच एपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचं रेझिन) ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. तापलेलं भांडं सांध्यावर टेकवलं की हे तापमान सहज गाठलं जातं.

सांधा कसा उघडलाय, ते वाचा

ब्लेडनं खरवडायला घेण्याआधी अर्धा तास नुसतं निरीक्षण करा. लागणारं सामान: एक मीटरची सरळ स्टीलपट्टी, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), टॉर्च, पेन्सिल आणि चिमूटभर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस).

फट वर रुंद आणि खाली बंद असेल, तर सांध्याची जागा वर उचलली गेली आहे किंवा तुकड्यांची लांबची टोकं खाली बसली आहेत. पहिला संशय सांध्याखालच्या प्लायवर घ्या. पाणी पिऊन फुगलेला प्लाय दोन्ही दगडांना मधून वर ढकलतो. दुसरा संशय टोकाकडच्या कॅबिनेटच्या पायांवर.

उलट, वरच्या कडेला टवके उडालेत आणि ओट्याखाली डोकं घालून पाहिलं तर फट खालून रुंद दिसते, तर सांधा खाली वाकतोय. वरच्या कडा एकमेकींवर दाबल्या जाऊन चुरल्या जातात. इथे सांध्याखाली आधारच नाही, किंवा आहे पण दगडाला टेकलेला नाही. जाडसर कागदाची पट्टी दगड आणि आधार यांच्यामध्ये घालून बघा. ती सहज सरकली तर तो आधार फक्त दिसायला आहे.

एक बाजू वर आणि दुसरी खाली अशी पायरी झाली असेल, तर स्टीलपट्टी सांध्यावर आडवी ठेवा आणि फीलर गेज घाला. ०.८ मिमीपर्यंतचा फरक सर्वसाधारण कामात चालवून घेतला जातो, पण पॉलिश केलेल्या पांढऱ्या मार्बलवर ०.३ मिमीसुद्धा खिडकीच्या तिरप्या उजेडात सावली टाकतो. पायरी पहिल्या दिवसापासूनची आहे की नंतर झाली, हे विचारणं महत्त्वाचं. पहिल्या दिवसापासूनची असेल तर दोन तुकड्यांच्या जाडीतला फरक नीट भरून काढलेला नाही. नंतरची असेल तर एका बाजूचा आधार खचलाय.

फट वरपासून खालपर्यंत आणि पुढून मागपर्यंत एकसारखी असेल, तरच रेझिनकडे बोट दाखवा. पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. फट ३ मिमी ठेवून ती पॉलिस्टरनं भरली असेल तर हे आकसणं डोळ्यांना दिसतं. कडेवर पॉलिशची पेस्ट, भुकटी, ओल किंवा सीलर (डाग शिरू नयेत म्हणून दगडाला लावतात तो) राहिला असेल तर रेझिन दगडाला चिकटतच नाही आणि पापुद्र्यासारखं एका बाजूनं सुटून येतं. निघालेला तुकडा हातात घेऊन बघा. त्याची कड गुळगुळीत असेल तर चिकटणं झालंच नव्हतं. कडेला दगडाचे कण चिकटून आलेले असतील तर रेझिननं आपलं काम केलं होतं, ओढ सहन न होऊन दगड फाटला.

हीच खूण सांध्यापासून ३० ते ५० मिमी अंतरावर, सांध्याला समांतर गेलेल्या तड्यात दिसते. तिथे सांधा पक्का आहे आणि त्याच्या शेजारचा दगड तुटलाय. अशा ठिकाणी तडा भरून काहीच साधत नाही.

हालचाल अजून चालू आहे का हे कळायला ओट्याखालून, सांध्यावर आडवा असा पीओपीचा पातळ ठिपका लावा, रुपयाएवढा, २ ते ३ मिमी जाड. शेजारी तारीख लिहा. त्याच्या बाजूला सांध्याच्या दोन्हीकडे पेन्सिलच्या दोन बारीक खुणा करून त्यांच्यातलं अंतर मोजून ठेवा. चार आठवड्यांत ठिपक्याला चीर पडली तर दगड हलतायत. मग रेझिनचा डबा उघडूच नका.

सिंकच्या मध्यावर घेतलेला सांधा

पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या सांध्यांमध्ये याच्याइतका मोह पाडणारा दुसरा नाही. तर्क असा असतो: ओट्याची खोली ६२० मिमी, तर सांधाही ६२० मिमी दिसणार. तोच सिंकच्या मध्यावर घेतला तर पुढे ७५ आणि मागे ७५ मिमी, एवढाच दिसेल. दिसण्याचा हिशेब बरोबर आहे. ताकदीचा बघा. २० मिमी जाडीत पूर्ण सांध्याचं चिकटणारं क्षेत्र ६२० × २०, म्हणजे १२४ चौरस सेंटिमीटर. सिंकपुढच्या पट्टीवर ते ७५ × २०, म्हणजे १५ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा जागेवर, रोज ओल्या राहणाऱ्या भागात, कोणी दोन्ही हात टेकवून वाकतं तेव्हाचा सगळा भार येतो. शिवाय सिंक खालून दगडालाच चिकटवलेलं असेल तर ४० लिटर पाणी भरल्यावर आणखी ४० किलो त्याच पट्टीला लटकतात.

आमचं मत स्पष्ट आहे: मार्बलमध्ये सिंकच्या मध्यावर सांधा घेऊ नये. सिंकच्या कटआउटपासून सांधा निदान १५० मिमी दूर ठेवावा. जागा फारच कमी असेल तर १०० मिमी, त्याहून जवळ नाही. सिंकपुढच्या पट्टीच्या पोटात, खालच्या बाजूनं, ५ ते ६ मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच पाडून तीत स्टेनलेस स्टीलची किंवा फायबरग्लासची सळई एपॉक्सीत बसवावी. ती कटआउटच्या दोन्ही बाजूंना १०० ते १५० मिमी पुढे गेलेली हवी. साधी लोखंडी सळई कधीही नको. ती गंजते, गंजताना फुगते, आणि आतून दगड फाडते. वरून दिसतो तो तपकिरी डाग आणि मग लांबट तडा, आणि लोक दोष देतात सांध्याला.

सांधा आधीच सिंकवर असेल आणि ओटा बदलता येत नसेल, तर पुढचा मार्ग असा: सिंकचं वजन दगडावरून काढून कॅबिनेटच्या दोन बाजूंच्या फळ्यांवर टेकणाऱ्या चौकटीवर घ्या. सिंकपुढच्या पट्टीखाली, कॅबिनेटच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, स्टेनलेसचा २५ × २५ मिमी चौकोनी पाइप घाला आणि तो दगडाला पूर्ण लांबीत टेकेल असा पॅकिंग (मधली पोकळी भरणाऱ्या पातळ पट्ट्या) देऊन घट्ट करा. पीओपीचा ठिपका महिनाभर शाबूत राहिला की मग सांधा नव्यानं भरा. क्रम उलटा केला तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

डिशवॉशरची गोष्टही याच्या जवळची. ६०० मिमी रुंदीच्या त्या मोकळ्या जागेवर खाली कॅबिनेट नाही आणि दार उघडल्यावर वाफ थेट दगडाच्या पुढच्या कडेवर येते. सांधा तिथे मधोमध आला असेल तर तो टिकणार नाही. डिशवॉशरच्या बाजूच्या फळीवर तो नेता येतो, पण फळी १८ मिमीची, म्हणजे प्रत्येक दगडाला जेमतेम ९ मिमी टेकण मिळतं. फळीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारून टेकण रुंद केल्याशिवाय तिथे सांधा घेऊ नका.

कोपऱ्याचा सांधा: सरळ की तिरका

एल आकाराच्या ओट्याला कोपऱ्यात सांधा लागतोच. सगळा एल एका दगडात कापायचा हट्ट केला तर आतल्या कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि वाहतुकीतच तडा जातो. प्रश्न एवढाच उरतो की सांधा सरळ घ्यायचा की ४५ अंशांत तिरका.

हिशेब करून बघू. एक भिंत ३००० मिमी, दुसरी १८०० मिमी, दोन्ही कोपऱ्यापासून मोजलेल्या, ओट्याची खोली ६२० मिमी. हाताशी असलेला स्लॅब २८०० × १७०० मिमी. त्याच्या चारी कडा २५ मिमी छाटल्या की वापरायला २७५० × १६५० मिमी उरतो.

तिरका सांधा घेतला तर दोन्ही तुकडे कोपऱ्यापर्यंत पूर्ण लांबीचे लागतात. ३००० मिमीचा तुकडा २७५० मध्ये बसत नाही, म्हणजे लांब बाजूवर आणखी एक सांधा आला. शिवाय तिरक्या सांध्याची लांबी ६२० वरून सुमारे ८७७ मिमी होते, आणि तुकड्यांची टोकं ४५ अंशांची निमुळती होतात. उचलताना तीच आधी तुटतात. लांब भिंतीचा तुकडा कोपऱ्यात आरपार नेऊन सरळ सांधा घेतला तरी पुन्हा ३००० मिमीच लागतात.

आता लहान भिंतीचा १८०० मिमीचा तुकडा कोपऱ्यात आरपार न्या. लांब भिंतीसाठी उरले ३००० वजा ६२०, म्हणजे २३८० मिमी. दोन्ही तुकडे एकाच स्लॅबमधून निघतात: रुंदीत ६२० आणि ६२०, मध्ये करवतीचे ४ मिमी, मिळून १२४४. उरलेल्या ४०० मिमीमधून भिंतीलगतच्या १०० मिमीच्या तीन पट्ट्या येतात. १८०० च्या तुकड्याशेजारी ९५० मिमीचा तुकडा उरतो, तो टाकू नका. रेझिनचा रंग जुळवायला आणि पुढे कधी दुरुस्ती लागली तर त्याच दगडाचा नमुना म्हणून तोच कामी येतो.

या मांडणीत सांधा लांब भिंतीवर, कोपऱ्यापासून ६२० मिमीवर पडतो. मग सिंकचं कटआउट ७७० मिमीच्या अलीकडे सुरू होता कामा नये. दुसऱ्या भिंतीवर हॉबचं ५६० मिमीचं कटआउट ९०० पासून १४६० पर्यंत घेतलं तर आतल्या कोपऱ्यापासून २८० मिमी अंतर मिळतं आणि टोकाला ३४० मिमी दगड राहतो. सिंक आणि हॉब यांच्या जागा सांध्याबरोबर एकाच कागदावर ठरवायच्या असतात. हॉब आधी, सिंक नंतर आणि सांधा उरेल तिथे, या क्रमानं केलेला ओटाच पुढे त्रास देतो.

आतल्या कोपऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट. कोपरा गोलाकार हवा असेल आणि सांधाही नेमका त्याच बिंदूवर आला, तर एका तुकड्याची कड चाकूच्या पात्यासारखी पातळ होत जाते आणि तुटते. एकतर कोपरा काटकोनात ठेवा, किंवा सांधा ७५ ते १०० मिमी बाजूला सरकवून गोलाई पूर्णपणे एकाच तुकड्यात घ्या, निदान १० मिमी त्रिज्येची. पण मग तो तुकडा आतल्या कोपऱ्यावर नाजूक होतो आणि उचलताना त्याला खालून फळी बांधावी लागते. पातळ शिरा-चिरांच्या मार्बलमध्ये आम्ही काटकोनच निवडतो.

शिरा, रंग आणि उजेड

सांधा पक्का असूनही 'खटकतो' ही वेगळी तक्रार. ती जवळजवळ नेहमी कापण्याआधीच टाळता येते.

स्लॅब उभा ठेवून पाण्यानं ओला करा. कोरड्या दगडात न दिसणाऱ्या चिरा ओलाव्यात गडद होऊन दिसतात, कारण पाणी त्यांच्यात रेंगाळतं. त्यांवर खडूनं खूण करा. मग समोरून, तिरकेपणा न येऊ देता फोटो घ्या, २८०० मिमीची बाजू २८० मिमी येईल असा छापा आणि त्याच प्रमाणात ओट्याचे तुकडे ट्रेसिंग पेपरवर कापून फोटोवर सरकवत बसा. या एका तासाइतका उपयोगी वेळ दुसरा नाही. सांधा जिथे शिरा दाट आहेत तिथे हरवून जातो. कोऱ्या पांढऱ्या भागात तोच सुरीनं काढलेल्या रेघेसारखा दिसतो. सांध्याला जवळजवळ समांतर जाणारी ठळक शीर ५० मिमीच्या आत असेल तर सांधा हलवा, कारण डोळा दोन्ही रेषांची तुलना करत राहतो आणि कापताना ती शीरच सुटून येण्याची भीती असते.

सांध्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच स्लॅबमधून, शक्यतो शेजारून घ्या. एकाच स्लॅबच्या दोन टोकांतही छटेचा फरक असतो. दोन स्लॅब आरशासारखे उघडून शिरा जुळवायच्या असतील तर ते खाणीतल्या एकाच ठोकळ्यातले, लागोपाठचे हवेत. त्या दोन पृष्ठांमधला काही मिलिमीटर दगड करवतीत आणि पॉलिशमध्ये गेलेला असतो, म्हणून तिरक्या शिरा तंतोतंत जुळत नाहीत. ग्राहकाला हे आधी दाखवून द्या.

वर सांगितलेल्या सरळ सांध्यात लांब तुकड्याच्या शिरा सांध्यावर येऊन थांबतात आणि दुसऱ्याच्या शिरा सांध्याला समांतर धावतात. धूसर, ढगाळ मार्बलमध्ये हे नजरेत भरत नाही. ठळक, एका दिशेच्या शिरांच्या मार्बलमध्ये भरतं. तिथे तिरका सांधा शोभून दिसतो हे खरं, मात्र त्यासाठी स्लॅबची लांबी आणि निमुळत्या टोकांची काळजी दोन्ही परवडायला हवं.

उजेडाची दिशाही बघा. खिडकीचा उजेड ज्या दिशेनं ओट्यावरून सरकतो, त्याच दिशेला सांध्याची रेघ असेल तर बारीक पायरी दिसत नाही. उजेडाला आडवी असेल तर दिसते.

आधार आणि मोजमाप

मोजमाप कॅबिनेट पूर्ण बसल्यावरच घ्यायचं, म्हणजे एकमेकांना आणि भिंतीला स्क्रूनं घट्ट झाल्यावर आणि लेव्हल तपासून झाल्यावर. ३ मीटर लांबीत ३ मिमीपेक्षा जास्त चढउतार नको. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या १०० मिमीत तर अर्ध्या मिलिमीटरचाही नको. साचा ३ ते ४ मिमी एमडीएफच्या ५० मिमी रुंद पट्ट्या जागेवरच गरम ग्लूनं जोडून करा. त्यावर वरची बाजू, पुढची कड, सिंकची मध्यरेषा आणि सांधा ठळक लिहा. साचा उलटा पडून कापलेला तुकडा कुठल्याच कोपऱ्यात बसत नाही, आणि दगड परत जोडता येत नाही.

भिंतीलगत ३ मिमी मोकळे सोडा. २.४ मीटरचा तुकडा २० अंशांच्या फरकानं पाव ते अर्धा मिलिमीटर लांबतो-आखडतो. दोन्ही टोकं भिंतीत घट्ट अडकवली असतील तर हा फरक सांध्यावरच निघतो.

सांध्याखाली २०० मिमी रुंद, सलग आधार हवा, दोन्ही बाजूंना १०० मिमी. १८ मिमीचा मरीन प्लाय चालतो, पण त्याच्या कापलेल्या कडा एपॉक्सीनं किंवा पेंटनं बंद केलेल्या असाव्यात. पाणी तिथूनच शिरतं. सांधा एका बाजूनं लाकडी कॅबिनेटवर आणि दुसऱ्या बाजूनं विटांच्या किंवा काँक्रीटच्या ओट्यावर टेकत असेल तर ती जागाच बदला. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि काँक्रीट जागचं हलत नाही, तेव्हा सांध्यात पायरी येणारच. बाहेर झुकणारा भाग २० मिमी दगडात १५० आणि ३० मिमीत २५० मिमीपेक्षा जास्त असेल तर ब्रॅकेट लागतात, आणि त्या झुकत्या भागातून सांधा जात असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक.

सांधा नव्यानं करताना

हालचाल थांबल्याची खात्री झाली, आता रेझिन.

१. जुनं रेझिन निदान ५ ते ६ मिमी खोल काढा. १ मिमीच्या पातळ डायमंड ब्लेडनं मधून चीर घेऊन उरलेलं ब्लेडनं खरवडा. धुळीचा मास्क लावा. तुकडे पूर्ण वेगळे करायचे असतील तर हीट गननं हळूहळू, गन सतत फिरती ठेवून रेझिन मऊ करा. एका जागी रोखून धरली तर दगड तडकतो.

२. कडा अॅसिटोननं पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. अॅसिटोन लावताना खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको. अॅसिड असलेला कुठलाही क्लीनर चालणार नाही, तो कॅल्साइट खातो. ओला झालेला दगड निदान ४८ तास पंख्याखाली वाळू द्या. सीलर आधी लावायचा नाही, तो सांधा झाल्यावर.

३. नवीन कड कापली असेल तर ती खालच्या बाजूला अगदी किंचित आत झुकलेली हवी, म्हणजे वर कडा जुळतात आणि खाली रेझिनला १ मिमी जागा मिळते. जास्त झुकवली तर वरची धार पातळ होऊन टवके उडतात. सांध्याची रुंदी दीड मिलिमीटरच्या आत ठेवा.

४. आधी कोरडेच तुकडे जुळवून, पॅकिंग देऊन, स्टीलपट्टीनं पायरी तपासा. जाडीतला फरक खालून पॅकिंगनं काढा. वरून घासून पायरी काढली तर तेवढ्या पट्ट्याची चमक वेगळी दिसते.

५. सांध्याच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा. ६२० × २० × १.५ मिमीच्या सांध्यात सुमारे १९ मिलिलिटर रेझिन जातं, बाहेर येणारं धरून ५० ग्रॅम एपॉक्सी पुरतं. प्रमाण डब्यावरचंच, वजनकाट्यावर मोजून. लवकर घट्ट व्हावं म्हणून एपॉक्सीत हार्डनर (रेझिन घट्ट करणारा भाग) वाढवू नका, ते चिकटच राहतं. पॉलिस्टर वापरत असाल तर त्यात हार्डनर साधारण २ ते ३ टक्के असतो. पण ओल्या आणि गरम जागेजवळ एपॉक्सीच.

६. रंग त्याच दगडाच्या तुकड्यावर, घट्ट झाल्यावर पॉलिश करून बघा. पांढऱ्या मार्बलला अगदी पांढरं रेझिन खडूच्या रेघेसारखं दिसतं. ते किंचित राखाडी आणि पारदर्शकतेकडे झुकलेलं हवं. अतिनील किरणांनी एपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून खिडकीलगतच्या सांध्यासाठी न पिवळणारा प्रकारच घ्या.

७. व्हॅक्यूम कपच्या सांधा-ओढणीनं तुकडे हळूहळू जवळ आणा. सगळं रेझिन बाहेर येईपर्यंत आवळू नका, कोरडा सांधा कमजोर असतो. रेझिन रबरासारखं झालं की टेप काढा आणि नव्या ब्लेडनं सपाट खरवडा. पूर्ण भार २४ तासांनंतरच.

डागांबद्दल थोडक्यात

सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओलसर, गडद पट्टा दिसत असेल आणि तो वाळतच नसेल, तर तो बहुधा साध्या सिलिकॉनमधलं तेल दगडात शिरल्यामुळे आहे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर मार्बलला झिजवतंही. सांध्याजवळ आणि सिंकभोवती न्यूट्रल, डाग न पाडणारंच सिलिकॉन वापरा. हलक्या रंगाचा मार्बल थोडा पारदर्शक असतो. त्याच्या खाली लावलेले काळे किंवा करडे ठिपके वरून सावलीसारखे उमटतात, म्हणून खालचा गोंदही पांढराच हवा. पट्टा कधी कमी, कधी जास्त होत असेल तर सिलिकॉन सोडून नळाची गळती शोधा.

दुरुस्तीनंतर पीओपीचा नवा ठिपका ओट्याखाली लावून ठेवा आणि तारीख घाला. वरच्या पॉलिशआधी तो बोलतो. तो तुटला आणि वर अजून काही दिसत नसेल, तर पुढची रेघ उमटायच्या आत आधार पुन्हा तपासायला तुमच्या हाती काही आठवडे असतात.